खिडकीतलं ऊन मोजा, मग फळझाड आणा

खिडकीतलं लिंबाचं झाड हिरवंगार आहे, पण दोन वर्षांत एक लिंबू नाही, असं कुणी म्हटलं की चारही बाजूंनी खताचे सल्ले येतात. कांद्याच्या सालांचं पाणी घाला, ताक घाला, केळ्याची सालं पुरा. झाडाला यातलं काहीच नको असतं. पानं टिकवायला जेवढा उजेड पुरतो, त्याच्या कितीतरी पट फळ धरायला लागतो, आणि तो त्या खिडकीत नसतो. म्हणून झाडाआधी खिडकी मोजायची. एका रविवारचं काम आहे.

फोनवर लक्स, म्हणजे उजेडाचं एकक, मोजणारं कुठलंही फुकटचं ॲप घ्या. फोनचा पडदा आकाशाकडे करून, झाडाची पानं जिथे येणार त्या उंचीवर धरा. सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो, त्यावर बोट येऊ देऊ नका. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, दर तासाला एक आकडा लिहा आणि शेवटी सगळ्यांची बेरीज करा. ही बेरीज म्हणजे त्या जागेचे दिवसाचे लक्स-तास. फोनचा सेन्सर ढोबळ असतो, पण ५ हजार आणि ४० हजार यांतला फरक त्याला कळतो, आणि आपलं काम तेवढ्यावर भागतं. आपल्या डोळ्यांना तोही कळत नाही. उजेड वाढला की बाहुली बारीक होते आणि खोली 'छान उजेडाची' वाटत राहते.

अंदाजासाठी: उघड्या गच्चीवर भर दुपारी लाखभर लक्स असतात. खिडकीच्या कट्ट्यावर थेट ऊन पडत असताना काचेतून ३० ते ५० हजार. ऊन सरकलं की तोच कट्टा ३ ते ५ हजारांवर येतो. कुंडी दोन-तीन फूट आत घेतली की हजाराच्या आसपास, म्हणजे मनी प्लांटची जागा.

आता हिशेब. कट्ट्यावर चार तास थेट ऊन, सरासरी ४० हजार धरलं, तर १ लाख ६० हजार. उरलेले सात तास नुसता उजेड, ४ हजारांनी २८ हजार. एकूण १ लाख ८८ हजार लक्स-तास. स्ट्रॉबेरीला नीट फळायला साधारण एवढंच लागतं. सव्वा लाखावर फळं येतात, पण कमी आणि आंबटसर. लाखाच्या खाली पानं मिळतील, फळाची आशा धरू नका. एकही तास थेट ऊन नसलेली खिडकी ५० हजारांच्या पुढे जात नाही, तिथे दिव्याशिवाय फळाचा विषय काढायचा नाही.

बेरीज थोडी कमी पडत असेल तर आधी जाळी बघा. सरकत्या खिडकीची डासांची जाळी उजेडाचा चांगला चौथा हिस्सा खाते, धुळीने भरली असेल तर जास्तच. जाळीसह आणि जाळीशिवाय एकेक आकडा घेऊन बघा. दिवसा झाडापुढचा जाळीचा पल्ला सरकवून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. दुसरा स्वस्त उपाय म्हणजे कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करणं. सावलीतल्या पानांना त्याचा परतलेला उजेड मिळतो आणि झाड एका बाजूला झुकत नाही.

दक्षिणेची खिडकी आणि छज्जा

बागकामाचे परदेशी व्हिडिओ सांगतात, दक्षिणेची खिडकी सर्वोत्तम. लंडनमध्ये वर्षभर खरं आहे. पुण्या-मुंबईत ते फक्त अर्धं वर्ष खरं असतं. पुणे साडेअठरा अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी इथे दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो आणि ऊन खिडकीतून थेट आत येतं. मेच्या मध्यावर तो बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारी चक्क उत्तरेकडे असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं थेट ऊन शून्य.

त्यात छज्जा. समजा छज्जा दोन फूट बाहेर आलाय आणि कट्ट्यापासून पाच फूट वर आहे. सूर्य ६८ अंशांच्या वर गेला की त्याची सावली पूर्ण कट्टा झाकते. पुण्यात दुपारचा सूर्य ही उंची मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ओलांडतो आणि ऑक्टोबर उजाडताना पुन्हा खाली येतो. म्हणजे या खिडकीचा उन्हाचा हंगाम ऑक्टोबर ते मार्चची सुरुवात. रोप उंच असेल तर त्याचे शेंडे आणखी आधी सावलीत जातात. टेप घेऊन आपल्या छज्जाची दोन मापं काढा. एप्रिलमध्ये मोजून 'इथे काहीच येत नाही' म्हणणारे आणि जानेवारीत मोजून आंब्याची कलम आणणारे, दोघंही चुकतात.

पूर्वेच्या खिडकीत वर्षभर सकाळचं ऊन असतं, तीन-चार तास, सौम्य. सगळ्यात भरवशाची हीच. पश्चिमेच्या खिडकीत आकडे चांगले येतात, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर काच तापते आणि काचेला टेकलेली पानं भाजतात. कुंडी काचेपासून वीतभर आत ठेवायची. उत्तरेची खिडकी फळांसाठी सोडून द्या, तिथे पुदिना लावा.

स्ट्रॉबेरी

दक्षिणेच्या खिडकीचा हंगाम आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम एकच आहे. महाबळेश्वर, पाचगणी, वाई भागात रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतात आणि डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत तोडे चालतात. तिथे लावल्या जाणाऱ्या विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा या जाती लहान दिवसात कळ्या धरणाऱ्या आहेत. दिवस लहान आणि रात्री गार, १५ अंशांच्या आसपास, असल्या की त्या फुलावर येतात. पुणे, नाशिक, साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये रात्री खिडकी उघडी ठेवली की हे जमतं. मुंबई-ठाण्यात रात्र तेवढी गार क्वचितच होते, तिथे कळ्या धरलेलं रोपच विकत घ्यावं. गोव्यातही तेच.

बियांच्या नादाला लागू नका. ऑनलाइन मिळणाऱ्या 'स्ट्रॉबेरी सीड्स'च्या पाकिटांतून काय उगवेल सांगता येत नाही, आणि उगवलंच तरी पहिला हंगाम त्यातच जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नर्सरीत रनरची, म्हणजे मोठ्या रोपाने सोडलेल्या लांब दोऱ्यांवर फुटलेली, रोपं प्लास्टिकच्या पेल्यात मिळतात. पेला उलटा करून मुळं बघा. पांढरी-तांबूस असतील तर घ्या, काळी आणि चिकट असतील तर परत ठेवा.

एका रोपाला सहा ते आठ इंची कुंडी, दोन-तीन लिटर मिश्रण. कोकोपीट (नारळाचा भुसा) चार भाग, चाळलेलं गांडूळखत तीन भाग, पर्लाइट (हलके पांढरे खडे) किंवा भाताचा तूस दोन भाग, आणि कुंडीमागे एक चमचा निंबोळी पेंड. बागेतली लाल माती यात नको. छोट्या कुंडीत ती विटेसारखी बसते, आणि ग्रिलवर तिचं वजन होतं ते वेगळंच. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट भिजून आठ-नऊ लिटर होते. ती भिजवून, पिळून, पाणी टाकून, असं तीनदा धुवायची. नारळाच्या भुश्शात मीठ असतं, आणि स्ट्रॉबेरीइतकं मिठाला नाजूक फळझाड दुसरं सांगता येणार नाही. लावल्यावर पंधरा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या तर कोकोपीट न धुतल्याचा संशय आधी घ्यायचा.

लावताना सगळी गंमत क्राऊनपाशी. क्राऊन म्हणजे मुळं संपून पानांचे देठ सुरू होतात ती जाडसर गाठ. ती मिश्रणाच्या बरोबर पातळीवर हवी. गाडली गेली तर मधला कोंब कुजतो. बोटाने हलकं ओढलं की सगळी पानं हातात येतात आणि खाली तपकिरी चिखल दिसतो. वर राहिली तर नवी मुळं हवेत सुकतात आणि रोप महिनाभर नुसतं बसून राहतं. पहिल्या पाण्यानंतर मिश्रण बसतं, म्हणून लावताना नखभर उंच ठेवायची आणि पाणी घालून झाल्यावर पुन्हा तपासायची.

पाच-सहा पानं होईपर्यंत आलेली फुलं खुडा. जिवावर येतं, पण खुडा. लांब दोरीसारखे रनर सुटले तर तेही कापा, खिडकीतल्या उजेडात फळ आणि रनर दोन्ही पोसणं रोपाला झेपत नाही.

परागीकरण हा खिडकीतला खरा अडथळा. जाळीमुळे मधमाशी येत नाही, वाराही नसतो. स्ट्रॉबेरीचं फूल जवळून बघा. मध्ये पिवळसर उंचवटा, त्यावर शेकडो बारीक टोकं, आणि भोवती परागाच्या पिवळ्या गाठींचं कडं. त्या प्रत्येक टोकाखाली पुढे एक दाणा तयार होतो, स्ट्रॉबेरीच्या अंगावर दिसतो तोच. दाणा फळला की त्याच्या आजूबाजूचा गर फुगतो, न फळलेल्या दाण्याखालचा गर तसाच आकसलेला राहतो. वाकडं, चिमटलेलं, एका बाजूला चपटं फळ आलं की लोक रोगाचं औषध शोधतात. तिथे फक्त पराग पोचलेला नसतो. शाळेच्या रंगपेटीतला दोन किंवा चार नंबरचा मऊ ब्रश घ्या, कोरडा. सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान कड्यावरून गोल फिरवून मग मधल्या उंचवट्यावर सगळीकडे टेकवा. पाकळ्या गळेपर्यंत, साधारण तीन दिवस, रोज. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत महिना धरा, उजेड कमी असेल तर दहा दिवस जास्त. पूर्ण लाल, अगदी देठापाशीही पांढरं नाही, असं झाल्यावरच तोडा. तोडल्यावर ते लाल होतं, गोड होत नाही.

एका रोपाला हंगामात दहा-पंधरा फळं आली तर खिडकी चांगली समजायची. शिकरणाच्या वाटीवर मावतील एवढी.

पाणी आणि खत

आतल्या कुंड्या पाणी कमी पडून मरत नाहीत, जास्त होऊन मरतात. कारण पुन्हा उजेडच. उजेड कमी तेवढं झाड कमी पाणी ओढतं. बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर आज पाणी नाही. त्याहून सोपं म्हणजे कुंडी उचलून बघणं, चार-पाच दिवसांत हात शिकतो. घालायचं तेव्हा मात्र खालून निथळेपर्यंत, सहा इंची कुंडीला दीड-दोनशे मिली, आणि ताटलीत साठलेलं अर्ध्या तासात ओतून टाकायचं. ताटली हवीच. खालच्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गांडूळखताचं पाणी ठिबकलं की सोसायटीत बागकामाचा विषय तिथेच संपतो.

आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायची पद्धत घरोघरी आहे. ते पाणी म्हणजे गाळून वेगळे काढलेले सगळे क्षार. फरशीला वापरा, स्ट्रॉबेरीला आणि लिंबूवर्गीय झाडांना नको. बोअरचं किंवा टँकरचं पाणीही जड असतं. कुंडीच्या काठावर पांढरी पूड जमायला लागली की महिन्यातून एकदा कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट साधं पाणी संथपणे ओतून क्षार धुऊन काढा.

खतं कृषी सेवा केंद्रात मिळणारी विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारीच घ्या, माप कळतं. पाकिटावरचे तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचं प्रमाण. कळ्या येईपर्यंत १९:१९:१९, लिटरला एक ग्रॅम, दर पंधरा दिवसांनी. फुलांपासून पुढे १३:००:४५, तेवढंच. मधे एकदा कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम, पण वेगळ्या दिवशी. स्फुरद असलेल्या खतात ते मिसळलं की पाणी दुधाळ होतं आणि दोन्ही खतं तळाशी बसतात. ग्रॅम मोजायला वजनकाटा नसेल तर सपाट पाव चमचा म्हणजे एक ग्रॅम, थोडं पुढेमागे. चहाचा चोथा, डाळीचं पाणी, दूध विसळलेलं पाणी, हे काही खिडकीतल्या कुंडीत नको. कुजतं, वास येतो, आणि मग मातीवर काळी चिलटं उडायला लागतात. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. चिलटं दिसली तर वरचा इंचभर थर सुकू द्या आणि पिवळा चिकट सापळा लावा.

चायना ऑरेंज

कागदी लिंबू खिडकीत लावायचा हट्ट सोडावा. त्याच कुळातलं, नर्सरीवाले 'चायना ऑरेंज' म्हणतात ते कॅलामोंडिन लावा. कुंडीत दोन-तीन फुटांत आटोपतं, कमी उजेड लिंबापेक्षा बरा सोसतं, आणि एकटं झाड फळतं. फांदीपासून केलेलं गुटी कलम किंवा छाटकलमच घ्यायचं. बियांच्या झाडाची चार-पाच वर्षं वाट बघावी लागते. बारा इंची कुंडी, पाणी घातल्यावर वजन पंधरा किलोच्या घरात, म्हणून कट्ट्याच्या आतल्या बाजूला, ग्रिलच्या पट्ट्यांवर नाही.

इथे शेतकऱ्याची बहार धरण्याची पद्धत, म्हणजे पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि मग पाणी देऊन एकदम फुलं आणायची, जशीच्या तशी उपयोगी पडते. लिंबाचे तीन बहार, आंबे, मृग आणि हस्त. हस्त बहाराची लिंबं उन्हाळ्यात येतात आणि भाव खातात, पण तो धरायला सप्टेंबरात ताण द्यावा लागतो आणि शेतात नेमका तेव्हा पाऊस असतो. खिडकीत पाऊस नाही. सप्टेंबरच्या मध्यावर पाणी तोडा. कुंडीत पाच ते आठ दिवसांत पानं दुपारी वळायला लागतात. संध्याकाळी ती परत सरळ होत असतील तर अजून एक-दोन दिवस थांबा, सकाळीही वळलेली दिसली की ताण पुरे. त्यापुढे ताणलं तर पानं गळतात. पहिल्या दिवशी अर्धं पाणी, दुसऱ्या दिवशी पूर्ण, तिसऱ्या दिवशी १९:१९:१९. ऑक्टोबरात दक्षिणेचं ऊन कट्ट्यावर येतं आणि नवी फूट फुलं घेऊन निघते. घरभर वास दरवळतो. फुलांवर ब्रश फिरवा. पन्नास फुलांमागे पाच-सहा फळं टिकली तर चांगलं, बाकीची गळ झाडाने स्वतःच केलेली विरळणी आहे. पिवळं-नारिंगी व्हायला सात-आठ महिने तरी जातात, पण हिरवं असतानाच सरबताला वापरता येतं. पिकल्यावर साल गोड, गर आंबट, सालीसकट खायचं.

नर्सरीतून आणल्यावर पंधरा दिवसांत निम्मी पानं गळतात. जागा बदलल्यामुळे होतं ते. पाणी वाढवू नका, खत देऊ नका, थांबा. नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर जड पाण्यामुळे लोह मिळत नाहीये. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येतं असं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम फवारा. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं आणि ते हललं, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. हाताने काढा, औषध लागत नाही.

पिठ्या ढेकूण मात्र लागला की पिच्छा सोडत नाही. पानाच्या बेचक्यात कापसासारखा पुंजका दिसला की त्याच दिवशी कापसाच्या बोळ्याने, सॅनिटायझर लावून, पुसून काढा. पसरला असेल तर कडुनिंबाचं तेल पाच मिली, भांड्यांचं लिक्विड सोप एक-दोन मिली, लिटरभर कोमट पाणी, चांगलं हलवून संध्याकाळी पानांच्या खालून, आठवड्याने असं तीनदा. फेब्रुवारीनंतर हवा कोरडी झाली की स्ट्रॉबेरीवर लाल कोळी येतो. पानं फिकट ठिपक्यांची आणि खालून बारीक जाळं. न्हाणीघरात नेऊन हँड शॉवरने पानांची खालची बाजू धुतली की निम्मं काम होतं.

रसभरी (केप गूजबेरी) हीसुद्धा खिडकीत जमते. जुलैत बी पेरा, दहा इंची कुंडी, तीन फूट काठी. फुलं आली की रोज दुपारी फांदीला टिचकी मारा, पराग आपोआप पडतो. फळाभोवतीची कागदासारखी पिशवी वाळून फळ खाली पडलं की खायचं. हिरवं फळ खाऊ नये, पोट बिघडतं. अंजीर, डाळिंब, तुती, ड्रॅगन फ्रूट यांना उघडी गच्ची लागते. अननसाचा शेंडा लावला तर दोन-तीन वर्षं शोभेचं झाड म्हणून बरा.

दिवा

बेरीज ३०-६० हजारांनी कमी पडत असेल तर जांभळ्या उजेडाच्या महागड्या ग्रो लाइटची गरज नाही. दोन फुटी, १० वॅटच्या, ६५०० केल्विनच्या दोन पांढऱ्या एलईडी पट्ट्या पानांच्या वर आठ इंचांवर शेजारी-शेजारी लावा. पानांवर सहा-सात हजार लक्स मिळतात, बारा तासांत ८० हजार लक्स-तास. एलईडीचे लक्स उन्हाच्या पाऊणपट धरायचे, म्हणजे हाती लागतात ६० हजार. वीज महिन्याला सात युनिट. टायमर सकाळी सात ते संध्याकाळी सात असा लावा. दिवा रात्री दहापर्यंत चालू ठेवला की स्ट्रॉबेरीला दिवस मोठा झाल्यासारखा वाटतो आणि ती फुलांऐवजी रनर सोडायला लागते. हॉलमधली ट्यूब मध्यरात्रीपर्यंत चालू राहत असेल तर कुंडी पडद्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवा.

मार्चमध्ये छज्जाची सावली कट्ट्यावर आली की स्ट्रॉबेरीचा हिशेब मिटवावा. मुंबईच्या मेमध्ये ती जगवण्यात अर्थ नाही, रोप काढून टाका आणि मिश्रण उन्हात पसरून वाळवा. चायना ऑरेंज पूर्वेच्या खिडकीत हलवा. पावसाळ्यात सगळ्यांचं पाणी निम्म्यावर आणा, खत बंद ठेवा. कोकोपीटच्या विटा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भिजत घाला.